खिशातली पट्टी

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढे येऊन उकिडव्या बसल्या, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "मास्तर, हा बंपर उसनी कवळी लावल्यासारखा दिसतोय हो." गॅरेजचा मालक हसला. मीही हसलो, कारण गिऱ्हाईक विनोद करतं तेव्हा हसायचं असतं. "हसू नका," त्या म्हणाल्या, "मी दिवसभर दाताला दात जुळवत असते. गाडी बाहेर उन्हात घ्या." गाडी उन्हात घेतली. मालकाचं हसू तिथेच मावळलं. "हिरवट मारतोय," तो हळूच माझ्या कानाशी बोलला, आणि मग जरा मोठ्यानं, बाईंना ऐकू जाईल असं, "मास्तर, तुमच्या हातून?" मी वाकलो, भुवया गोळा केल्या, बंपरवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि म्हणालो, "हं. हिरवट आहे खरा." मला काहीही दिसत नव्हतं. गाडी राखाडी होती, बंपर राखाडी होता, आरशांची टोपणं राखाडी, दारांवरच्या रबरी पट्ट्या राखाडी. माझ्या दृष्टीनं सगळी एका आईची लेकरं. सत्तावीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं, आणि आता बोललं तर ते खरं की खोटं हेसुद्धा मला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागत होतं. बाईंनी शनिवारचा वायदा घेतला आणि रिक्षानं गेल्या. तो गुरुवार होता. रविवारी अकरा वाजता माझी मुलगी तिच्या आईला कायमची न्यायला येणार होती.

आता सांगूनच टाकतो. मला रंग कळत नाहीत. अगदी सगळेच नाहीत असं नाही. निळा कळतो, पिवळा कळतो. पण तांबडा आणि हिरवा हे दोघे माझ्याकडे एकाच दारानं येतात आणि एकाच खुर्चीवर बसतात. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, मी आणि माझी बायको. तिला लग्नानंतर नवव्या दिवशी कळली. मी बाजारातून टोमॅटो आणले होते. तिनं पिशवी ओट्यावर रिकामी केली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, यातले निम्मे कच्चे आहेत." मी म्हणालो, "कुठले?" तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही; त्यात चेष्टा होती, कीव नव्हती, आणि पाठोपाठ तिला इतकं हसू आलं की ती ओट्याला टेकून खालीच बसली. "अहो, तुम्ही गाड्या रंगवता ना?" म्हणाली. रंगवत होतो. धुण्या-घासण्यापासून सुरुवात केली होती, हात चांगला होता, फवारा समान पडायचा, थेंब ओघळायचा नाही. रंग मिसळायचं सूत्र यंत्र देतं, डब्यांवर आकडे असतात. तोवर निभलं होतं. पण त्याच महिन्यात मालकाच्या वडिलांनी, ते तेव्हा गल्ल्यावर बसत, मला मऊ वस्तूंवर घातलं होतं, आणि माझी झोप उडाली होती.

पत्रा रंगवणारे गावात पन्नास आहेत. मी मऊ वस्तूंचा माणूस. बंपर, त्याच्या खाली पुढे आलेला ओठ, आरशांची टोपणं, दारावर ठोकर लागू नये म्हणून असते ती रबरी पट्टी. कारखान्यातून हे सगळं काळं येतं आणि लोकांना ते गाडीच्या रंगाचं हवं असतं. रबराला रंग आवडत नाही. त्याला घाम सुटतो, तेलकट. म्हणून आधी साबणानं धुवायचं, मग खरवडायचं, मग पुसायचं, मग रंग धरून ठेवणारा पहिला हात. रंगात एक औषध घालायचं, त्याला आम्ही नुसतं 'मऊ' म्हणतो. ते विसरलं की रंग पत्र्यासारखा कडक वाळतो, आणि कुणाचा गुडघा लागला तरी तडकतो. आता गंमत अशी की 'मऊ' घातलं की छटा थोडी सरकते, खालचा काळा ती अजून थोडी सरकवतो, आणि गाडी तर दहा वर्षं उन्हात उभी राहून तिच्या मूळ सूत्रापासून केव्हाच दूर गेलेली असते. सूत्र तुम्हाला फाटकापर्यंत आणून सोडतं. पुढे डोळ्यांनी चालत जायचं असतं. मी फाटकाशी उभा राहणारा माणूस, आणि आत माझी बायको जायची. जुन्या रबराच्या वीतभर पट्ट्या कापून मी त्यांवर रंग मारायचो, पाठीवर आकडा लिहायचो, आणि गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून पट्ट्यांबरोबर घरी न्यायचो. सकाळी सातच्या उजेडात ती स्वयंपाकघराच्या खिडकीत झाकण ठेवायची, शेजारी एकेक पट्टी धरायची, आणि निकाल द्यायची. तिला आमचे शब्द येत नव्हते. तिनं आपले केले. तांबडेपणा जास्त झाला की रंग 'लाजलाय'. हिरवट झाला की 'आंबलाय'. फिका पडला की 'उपाशी'. चमक मेली की 'झोपलाय'. मी गॅरेजात जाऊन त्याप्रमाणे दोन थेंब इकडे, चार थेंब तिकडे करायचो. ते शब्द माझ्या तोंडून गॅरेजभर झाले. आज तिथला पत्रेवालासुद्धा गंभीर चेहऱ्यानं "मास्तर, हा थोडा लाजलाय का हो?" असं विचारतो, आणि हे शब्द कुणाच्या ओट्यावरून आलेत ते त्याला माहीत नाही. नको असलेली पट्टी ती पालथी घालायची. बरोबर जुळलेली पट्टी कानाशी धरून वाकवायची, तडकल्याचा आवाज येतो का ऐकायची, आणि मग ती माझ्या शर्टाच्या खिशात सरकवून वरून एक थाप मारायची. तोंडानं काही म्हणायची नाही. थाप पडली की काम झालं.

चार महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली. डोक्यातली एक नस बंद झाली होती. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं गेलं. सगळं गेलं असतं तर एक वेळ मी मनाची समजूत घातली असती. पण एक शब्द राहिला. 'बरोबर.' पाणी हवं तर बरोबर, नको तर बरोबर. उशी उंच झाली, बरोबर. मुलगी आली, बरोबर, मुलगी रडली, बरोबर. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत, त्यांनी मला सांगितलं होतं, "काका, समज शाबूत आहे. तोंडात एक शब्द अडकून बसलाय, जिभेला दुसरा सापडत नाही. त्या काय म्हणतात त्यावर जाऊ नका, काय करतात ते बघा." मी हो म्हणालो होतो. हो म्हणणं सोपं असतं. घरात दिवसभर एकच शब्द ऐकू येत असेल आणि तो नेमका 'बरोबर' असेल, तर माणूस हळूहळू लाडावतो. मी आमटी खारट करायचो, ती म्हणायची बरोबर. मी तिची वेणी घालायचो, ती वेणी कसली, दोरखंड. ती म्हणायची बरोबर. सत्तावीस वर्षं जिनं माझी प्रत्येक चूक सकाळच्या उजेडात धरून दाखवली, ती आता प्रत्येक गोष्टीला पसंती देत होती. मला वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही वाटायचं. ते बरं वाटणंच मला नडलं.

गुरुवारी दुपारी मी बंपर उतरवून घेतला आणि पाण्यात भिजवलेल्या खरखरीत कागदानं रंग घासायला बसलो. मऊ रंग लवकर निघत नाही, कागदाला चिकटतो, गाभुळल्या चिंचेसारखा होतो. हात चालू होता आणि डोक्यात ती सकाळ पुन:पुन्हा येत होती. दोन आठवड्यांपूर्वीची. आजारपणानंतर गिऱ्हाइकांनी पांढऱ्या, काळ्या गाड्याच आणल्या होत्या, माझं नशीब. ही पहिलीच राखाडी. मी एकच पट्टी करून नेली होती. खरं म्हणजे पाच करायला हव्या होत्या. पण पाच नेऊन तिला कोड्यात टाकायचं माझ्या जिवावर आलं, आणि माझ्या मनात आणखी एक होतं, ते मी घासता घासता पहिल्यांदा कबूल केलं: एकच नेली की ती एकदाच 'बरोबर' म्हणेल आणि आम्ही दोघं पास होऊ. मी तिची खुर्ची खिडकीशी ओढली, झाकण ठेवलं, पट्टी तिच्या डाव्या हातात दिली. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर." मी म्हणालो, "बरोबर ना? वाटलंच मला." ती म्हणाली, "बरोबर, बरोबर," आवाज चढला, मानेवरची शीर फुगली, आणि पट्टी तिच्या हातातून खिडकीच्या कठड्यावर पडली. पालथी पडली. मला वाटलं हात थरथरला. मी पट्टी उचलली, पाठीवरचा एकचा आकडा दिसला, आणि मी ती स्वतःच्या खिशात स्वतःच टाकली. वर थापही मीच मारून घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी गाढव, मला वाटलं, खूप दिवसांनी कामाला लागल्याचा आनंद झालाय. कागद माझ्या हातातच राहिला. पट्टी पडली नव्हती. तिनं ती पालथी घातली होती. ती ओरडून ओरडून सांगत होती की आंबलाय, अहो आंबलाय, आणि तोंडातून येत होतं बरोबर.

आणि मग, सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. इतका की उठून गॅरेजाच्या मागच्या नळावर जाऊन तोंड धुवावं लागलं. कारण त्याच आठवड्यात आणखी एक 'बरोबर' पडलं होतं. मुलीचा फोन आला होता, मी तो मोठ्या आवाजावर टाकून बायकोच्या मांडीवर ठेवला होता. मुलगी म्हणाली, "आई, माझ्याकडे ये राहायला. इथे खाली लिफ्ट आहे, समोरच दवाखाना आहे, मी दिवसभर घरूनच काम करते. बाबा कामावर गेले की तू त्या सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या भरवशावर असतेस, मला इथे घास गोड लागत नाही गं. येशील ना?" ती म्हणाली, "बरोबर." लगेच म्हणाली, जराही न थांबता. मुलगी फोनवर हसली आणि रडली. जावई घर बदलून एक खोली वाढवतोय, पण सध्या तिथे आईशिवाय आणखी कुणाची सोय नाही. शिवाय माझी नोकरी इथली, या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार, आणि कोणत्या डोळ्यांवर? हे सगळं न बोलता ठरलं. मी म्हणालो, "छान झालं." पण त्या दुपारी मी तिच्याशी धड बोललो नाही. मनात म्हटलं, किती पटकन निघाली. निदान एकदा माझ्याकडे बघायचं तरी. आजारी बाईवर रुसून बसलेला मी पहिलाच नवरा असेन. आणि आता नळाखाली तोंड धरून उभा असताना मला दिसत होतं की पट्टीचं बरोबर जर नाही होतं, तर फोनवरचं बरोबरही नाहीच असणार. तिला जायचं नव्हतं. ती तेव्हाही ओरडली असणार, मलाच ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी मी पाच पट्ट्या केल्या. एक जुनीच, मग हिरवा दोन थेंब कमी, चार थेंब कमी, चार कमी आणि तांबडा एक जास्त, तांबडा दोन जास्त. मला पाचही सारख्याच. पाठीवर आकडे घातले आणि क्रम मोडून कागदात गुंडाळल्या. शुक्रवारी सकाळी सात वाजता खुर्ची खिडकीशी ओढली. या वेळी मी तोंड मिटून बसलो आणि फक्त तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. पहिली पट्टी तिनं झाकणाशी धरली. "बरोबर," म्हणाली, आणि पालथी घातली. वर आकडा आला, एक. तीच जुनी. दुसरी, "बरोबर," पालथी. पाच. तिसरीला ती थांबली, झाकण जवळ ओढायला लावलं, खुणेनं, मग पालथी. चार. राहिल्या दोन. त्या दोन तिनं आळीपाळीनं इतक्या वेळा धरल्या की मावशी येऊन चहा ठेवून गेल्या आणि चहावर साय धरली. शेवटी तिनं दोन नंबर पालथी घातली आणि तीन नंबर कानाशी नेली. वाकवायला दुसरा हात लागतो. तिनं उजव्या हाताकडे पाहिलं, तो मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी पट्टीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून वाकवली. आवाज आला नाही. मग तिनं ती माझ्या खिशात घातली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गेली, आणि वरून थाप मारली. मी तिथेच रडलो. ती म्हणाली, "बरोबर, बरोबर," आणि मला वाटतं ती मला गप्प बस म्हणत होती.

शनिवारी डॉक्टरीणबाई आल्या, गाडी उन्हात घेतली, एक डोळा मिटला, दुसरा मिटला. "आता झाला घरचा," म्हणाल्या. "कुणी केलं हो हे? म्हणजे तुम्हीच ना?" मालक म्हणाला, "मास्तरांचा डोळा म्हणजे डोळा." मी बाईंना म्हणालो, "बायकोनं जुळवला." त्या हसल्या, मालकही हसला, त्यांना वाटलं, मास्तर आज खुशीत आहेत. मी खुशीत होतोच. घरी जाताना मी मुलीला काय सांगायचं ते जुळवत होतो. बाळ, तुझ्या आईला यायचं नाहीये. बाळ, एक गैरसमज झाला. मावशींना पूर्ण दिवसाचं विचारीन, मालकाला सांगून दुपारी घरी येत जाईन, आमटीत मीठ कमी घालीन. पुरावा माझ्याजवळ होता. बंपर उन्हात उभा राहून साक्ष देत होता की ती जे हातानं सांगते ते थेंबभरही चुकत नाही. तिची कपड्यांची बॅग भरून दारामागे ठेवली होती, ती मी त्याच संध्याकाळी उचलून पलंगाखाली सरकवली.

पण मुलीला तोंड दाखवायचं तर बायकोला एकदा रीतसर विचारलेलं बरं, म्हणून रविवारी सकाळी सात वाजता मी खुर्ची खिडकीशी ओढली. कठड्यावर कोऱ्या काळ्या रबराच्या दोन पट्ट्या ठेवल्या. एकीपाशी मुलीचा फोटो, एकीपाशी माझा चष्मा. म्हणालो, "ही तिच्याकडची, ही इथली. रंगाचं नाही विचारत. कुठे राहायचं ते सांग. मी तोंडाकडे बघणार नाही, हाताकडेच बघतो." तिनं फोटोकडे पाहिलं. चष्म्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहत राहिली, झाकणाशी पट्टी धरल्यावर बघायची तसं, घाई न करता. माझ्या सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं, ते मला तेव्हा कळलं. बोटावर आमटीच्या पातेल्याचा चटका होता. चार महिन्यांत पट्टा दोन भोकं आत आला होता. आदल्या संध्याकाळी बोलायला शिकवणाऱ्या बाई शिकवत असताना मी खुर्चीत बसल्या बसल्या घोरलो होतो. मला वाटत होतं इतके दिवस मी तिच्याकडे बघतोय. तिच्या शब्दांत मी कोणता झालो असेन, ते मला न सांगता कळलं. उपाशी. झोपलाय.

तिनं डावा हात उचलला आणि माझ्या चष्म्यापाशी असलेली पट्टी पालथी घातली.

"थांब," मी म्हणालो, "तुझी बाजू चुकली असेल." मी फोटो डावीकडे नेला, चष्मा उजवीकडे आणला, पट्ट्या बदलल्या, पुन्हा सांगितलं, ही तिच्याकडची, ही इथली, नीट बघ. माझा आवाज आता चढला होता. तिनं मान वर केली आणि ओट्यावर टोमॅटो पडलेले असताना पाहिलं होतं तसं माझ्याकडे पाहिलं. तोंडाची डावी बाजू हसली. मग तिनं चष्म्याजवळची पट्टी पुन्हा पालथी घातली, तिच्यावर तळवा ठेवून थोडा वेळ तशीच बसली, आणि फोटोजवळची उचलून माझ्या खिशात घातली. या वेळी एकदाही चुकली नाही. वरून थाप मारली, आणि हात काढला नाही.

"बरोबर," ती म्हणाली.

मी पलंगाखालची बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि दारामागे होती तिथे ठेवली. वेणी घातली, या वेळी जरा बरी आली. अकराला दहा मिनिटं कमी असताना घंटा वाजली. मुलगी दारातच चपला काढता काढता थांबली, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, आई मनापासून येतेय ना? मला उगाच वाटत राहतं, तुम्हाला दोघांना हे पटलंय की नाही."

मी खिशावर हात ठेवला.

"बरोबर," मी म्हणालो.